याचिका फेटाळली म्हणजे नेमके काय झाले? सर्वोच्च न्यायालयाच्या रोजच्या कामाची ओळख

‘सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली’ अशी बातमी वाचली की आपला समज होतो, देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने दोन्ही बाजू सविस्तर ऐकल्या, कायदा तपासला आणि खालच्या निकालावर शिक्कामोर्तब केले. बहुतेक प्रकरणांत असे काहीही घडलेले नसते. दोन न्यायमूर्तींनी आदल्या दिवशी फाईल वाचलेली असते, न्यायालयात वकिलांचे म्हणणे काही मिनिटे ऐकलेले असते आणि या प्रकरणात आपण हात घालण्याची गरज नाही, एवढाच निर्णय झालेला असतो. सर्वोच्च न्यायालयाचा बराचसा वेळ निकाल देण्यात जात नाही, तर कोणत्या प्रकरणाचा निकाल आपण द्यायचा हे ठरवण्यात जातो. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर या न्यायालयाच्या कामकाजातले बरेच काही उलगडते.

राज्यघटनेने या न्यायालयाकडे वेगवेगळ्या प्रकारची कामे सोपवली आहेत. केंद्र आणि राज्य यांच्यातला किंवा दोन राज्यांमधला वाद अनुच्छेद १३१ नुसार थेट येथेच दाखल होतो. महाराष्ट्राने २००४ मध्ये कर्नाटक सीमाप्रश्नी दाखल केलेला दावा याच अनुच्छेदाखालचा आहे. मूलभूत हक्कांचा भंग झाला असेल तर अनुच्छेद ३२ खाली कोणीही नागरिक सरळ येथे येऊ शकतो, जरी प्रत्यक्षात ‘आधी उच्च न्यायालयात जा’ असे सांगून त्याला परत पाठवले जाण्याची शक्यता मोठी असते. राष्ट्रपतींनी विचारलेल्या कायदेशीर प्रश्नावर मत देण्याची तरतूद अनुच्छेद १४३ मध्ये आहे. पण रोजच्या कामाचा सर्वांत मोठा वाटा येतो तो अनुच्छेद १३६ मधून, म्हणजेच विशेष अनुमती याचिकेतून. वकिलांच्या बोलण्यात तिला ‘एसएलपी’ म्हणतात. देशातल्या कोणत्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याची परवानगी मागणारा हा अर्ज असतो. फक्त लष्करी न्यायालये यातून वगळलेली आहेत. अपील हा पक्षकाराचा हक्क असतो, अनुमती मात्र न्यायालयाच्या मर्जीवर असते. हा अधिकार अपवादात्मक परिस्थितीतच वापरायचा आहे, असे न्यायालयाने स्थापनेच्याच वर्षी, १९५० मध्ये, प्रीतम सिंग खटल्यात सांगून ठेवले होते. त्यानंतरच्या काळात अपवादाचाच नियम होऊन बसला.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची जमीन प्रकल्पासाठी संपादित झाली, वाढीव मोबदल्यासाठी तो जिल्ह्याच्या न्यायालयात गेला, तिथून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले आणि तिथे तो हरला. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागल्याने निदान त्या पायरीपर्यंतचा प्रवास आता जवळ आला आहे. त्यापुढचा रस्ता मात्र दिल्लीलाच जातो, कारण अनुच्छेद १३० मध्ये अन्यत्र बसण्याची मुभा असूनही सर्वोच्च न्यायालयाची खंडपीठे दुसऱ्या कोणत्याही शहरात नाहीत. उच्च न्यायालयाच्या निकालापासून साधारणपणे ९० दिवसांत त्याने विशेष अनुमती याचिका दाखल करायची असते. उशीर झाला तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. या बाबतीत सर्वांत जास्त उशिरा येणारा पक्षकार म्हणजे सरकार, आणि त्यावरून सरकारी वकिलांना न्यायमूर्तींची बोलणी वारंवार खावी लागतात.

याचिका कोणताही वकील दाखल करू शकत नाही. त्यासाठी ‘ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड’ लागतो. चार वर्षे वकिली, मग एका ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डकडे वर्षभर उमेदवारी आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाची स्वतंत्र परीक्षा, एवढे सगळे पार पाडल्यावरच त्याला हा दर्जा मिळतो, आणि त्याचे कार्यालय न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत असावे लागते. दूरचित्रवाणीवर दिसणारे नामांकित ज्येष्ठ वकील युक्तिवाद करतात, पण ते स्वतः वकालतनामा, म्हणजे वकीलपत्र, दाखल करू शकत नाहीत; त्यांच्याबरोबर ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड असावाच लागतो. कागदपत्रांची सगळी जबाबदारी आणि काही चुकले तर होणारी कानउघाडणी त्याच्याच वाट्याला येते.

या कागदपत्रांच्या गठ्ठ्याला ‘पेपरबुक’ म्हणतात. त्यात प्रकरणाचा सारांश, तारखांची यादी, उपस्थित होणारे कायदेशीर प्रश्न, आक्षेपांची कारणे, आव्हान दिलेला निकाल आणि जोडपत्रे असा क्रम ठरलेला असतो. अनुच्छेद ३४८ मुळे न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे आपल्या शेतकऱ्याचा सातबारा, फेरफार, पंचनामा आणि खालच्या न्यायालयात मराठीत झालेल्या साक्षी हे सर्व इंग्रजीत भाषांतरित होऊन जाते. हे भाषांतर कसे झाले आहे यावर बरेच काही अवलंबून असते, आणि ते तपासायला मूळ भाषा जाणणारा न्यायमूर्ती पीठावर असेलच असे नाही. पक्षकारांनी दिल्लीच्या वकिलाची फी विचारताना भाषांतर कोण करणार, हेही विचारावे असे मला वाटते.

दाखल झालेल्या याचिकेला आधी फक्त डायरी क्रमांक मिळतो. मग निबंधक कार्यालय, म्हणजे ज्याला सगळे ‘रजिस्ट्री’ म्हणतात, ते तिच्यातल्या त्रुटी काढते. अस्पष्ट प्रती, राहिलेली पाने, चुकलेले समास, न जोडलेले शपथपत्र अशा या त्रुटी दूर झाल्यावरच याचिका नोंदली जाते आणि तिला विशेष अनुमती याचिकेचा क्रमांक पडतो. पुढे अनुमती मिळाली तर तिचे दिवाणी किंवा फौजदारी अपिलात रूपांतर होते आणि क्रमांक पुन्हा बदलतो. संकेतस्थळावर आपले प्रकरण शोधताना गोंधळ होऊ नये म्हणून डायरी क्रमांक जपून ठेवावा, कारण तो बदलत नाही. समोरच्या पक्षाला अशी याचिका येणार याचा अंदाज असेल तर तो आधीच कॅव्हेट दाखल करून ठेवतो, जेणेकरून त्याला न ऐकता एकतर्फी आदेश होऊ नये.

आता प्रश्न येतो तो प्रकरण कोणत्या न्यायमूर्तींपुढे जाणार याचा. हे ठरवण्याचा अधिकार सरन्यायाधीशांचा असतो, म्हणून त्यांना ‘मास्टर ऑफ द रोस्टर’, म्हणजे कामवाटपाच्या तक्त्याचे मालक, म्हटले जाते. इतर बाबतींत सरन्यायाधीश हे समान सहकाऱ्यांमधले पहिले एवढेच असतात. पीठावर त्यांच्या मताला इतरांपेक्षा जास्त वजन नसते आणि ते अल्पमतातही जाऊ शकतात. पण कोणते प्रकरण कोणी ऐकायचे, हे ठरवण्यात केवढी ताकद आहे हे १२ जानेवारी २०१८ रोजी देशाने पाहिले, जेव्हा चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेऊन प्रकरणांच्या वाटपाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर काही आठवड्यांतच विषयवार रोस्टर प्रसिद्ध होऊ लागले. अधिकार मात्र सरन्यायाधीशांकडेच राहिला आणि न्यायालयाने त्याच वर्षी दिलेल्या निकालांत तो कायमही केला. माझ्या मते रोस्टर प्रसिद्ध करणे ही सुधारणा खरी असली तरी अर्धी आहे, कारण त्यातून कोणता विषय कोणाकडे हे कळते, पण एखादे महत्त्वाचे प्रकरण कधी लागेल हे कळत नाही, आणि अनेक प्रकरणांत ‘कधी’ हाच खरा निकाल असतो.

न्यायालय साधारणपणे साडेदहाला बसते, एक ते दोन जेवणाची सुटी असते आणि चारला उठते. सरन्यायाधीशांसह ३४ न्यायमूर्तींची मंजूर संख्या आहे. १९५० मध्ये ती आठ होती आणि त्या काळी सगळे न्यायमूर्ती बऱ्याचदा एकत्र बसत. आता नेहमीचे पीठ दोघांचे असते. फाशीच्या शिक्षेचे प्रकरण किमान तिघांपुढे चालते, तर २०१९ च्या नियमदुरुस्तीनंतर काही किरकोळ बाबी एकटे न्यायमूर्तीही ऐकू शकतात. नाशिकला माहेरी राहणाऱ्या पत्नीने इंदूरला चाललेला घटस्फोटाचा दावा इकडे आणण्यासाठी केलेला अर्ज हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे, आणि अशा अर्जांची संख्या पाहिली तर घटनात्मक प्रश्नांसाठी उभारलेल्या संस्थेच्या वेळाबद्दल थोडे आश्चर्यच वाटते.

आठवड्याची रचना रुग्णालयासारखी आहे: काही दिवस बाह्यरुग्ण विभागाचे, काही शस्त्रक्रियेचे. परंपरेने सोमवार आणि शुक्रवार हे नव्या प्रकरणांचे दिवस असतात. त्या दिवशी एकेका पीठापुढे अनेकदा पन्नास-साठ बाबी लागतात. न्यायमूर्तींनी पेपरबुक आधीच वाचलेले असतात, विधी-लिपिकांनी टिपणे काढून दिलेली असतात, म्हणून सोमवारच्या प्रकरणांसाठी शनिवार-रविवार वाचनातच जातो. न्यायालयाच्या आवारातल्या फलकांवर आणि मोबाइलवर कोणत्या कक्षात कितवी बाब चालू आहे हे दिसत राहते, आणि वकील त्या आकड्यांकडे नजर ठेवून एका कक्षातून दुसऱ्या कक्षात धावत असतात. बाब पुकारली की वकिलाला सुरुवातीची दोन-तीन वाक्येच मिळतात. फाईल वाचून न्यायमूर्तींचे मत बरेचसे तयार झालेले असते, आणि ते बदलेल असा एकच मुद्दा पटकन मांडणे ही या दिवसांची खरी वकिली असते. तथ्यांचा वाद येथे चालत नाही. साक्षीदार खरा की खोटा, जमिनीचा दर किती, हे खालच्या न्यायालयांनी ठरवलेले असते. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न आहे किंवा ढळढळीत अन्याय झाला आहे, हे दाखवावे लागते.

यातून जे आदेश निघतात, त्यांतला सर्वांत नेहमीचा म्हणजे ‘विशेष अनुमती याचिका फेटाळण्यात येते’. एवढेच एक वाक्य, कारणांशिवाय. अशा आदेशाने उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा होत नाही आणि अनुच्छेद १४१ खाली देशभर बंधनकारक असा कायदाही जाहीर होत नाही, हे न्यायालयाने २००० मध्ये कुन्हयम्मद खटल्यात स्पष्ट केले आहे. अनुमती नाकारणे म्हणजे ‘आम्ही या वादात पडत नाही’ एवढेच. त्या पक्षकारापुरते प्रकरण बहुधा संपते हे खरे; पण तोच कायदेशीर प्रश्न दुसऱ्याच्या प्रकरणात पुन्हा खुला असतो. कारणे देऊन याचिका फेटाळली असेल, तर त्या कारणांत सांगितलेला कायदा बंधनकारक ठरतो, तरीही उच्च न्यायालयाचा निकाल वरच्या निकालात विलीन होत नाही. एकदा अनुमती देऊन अपील ऐकले, मग ते फेटाळले तरी, चित्र वेगळे होते: तेव्हा खालचा निकाल वरच्यात विलीन होतो आणि शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा ठरतो. बातमी वाचताना ‘याचिका’ फेटाळली की ‘अपील’ फेटाळले, हे पाहिले तरी निम्मा उलगडा होतो.

प्रकरणात काही दम दिसला तर न्यायालय समोरच्या पक्षाला नोटीस काढते आणि काही आठवड्यांनंतरची तारीख देते. नोटीस निघाली म्हणजे जिंकलो, असेही नाही. मात्र नोटिशीबरोबर स्थगिती किंवा ‘जैसे थे’चा आदेश मिळाला, तर तो आदेश अंतिम निकालाइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, परिणाम करून जातो. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांचे उदाहरण पाहा. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाच्या वादात ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’ आदेश झाला, सुनावणी पुढे जात राहिली आणि अनेक महापालिका, जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोही अंतरिमच होता. मूळ प्रश्न अनिर्णित असताना एवढ्या मोठ्या राज्याचा स्थानिक कारभार दोन अंतरिम आदेशांमध्ये अडकून राहिला. न्यायालयाच्या कामाचे मोजमाप केवळ निकालांवरून करणाऱ्यांनी ही बाजू जरूर पाहावी.

तातडीच्या प्रकरणासाठी ‘मेन्शनिंग’ची सोय असते, म्हणजे यादीत नसलेली बाब लवकर लावण्याची विनंती. ती तोंडी करायची की लेखी, ज्येष्ठांनी करायची की कनिष्ठांनी, याचे नियम सरन्यायाधीश बदलले की बरेचदा बदलतात. सरन्यायाधीशांचा कार्यकाळ ६५ व्या वर्षी संपत असल्याने तो अनेकदा अगदी थोडा असतो: यशवंत चंद्रचूड यांना सात वर्षांहून अधिक काळ मिळाला, तर उदय लळित यांना ७४ दिवस. एवढ्या थोड्या अवधीत लळित यांनी प्रकरणे यादीवर घेण्याची नवी पद्धत सुरू केली, आणि त्यांच्यानंतर तीत फेरबदलही झाले. कामकाजाची शिस्त अशी व्यक्तीगणिक बदलत राहणे हा या न्यायालयाचा जुना दुबळेपणा आहे.

आठवड्याचे मधले दिवस सविस्तर सुनावणीचे. कोणत्या दिवशी काय ऐकायचे याची परिपत्रके वेळोवेळी निघतात, पण कल्पना अशी की अनुमती मिळालेली अपिले येथे तासन्‌तास, गरज पडल्यास दिवसेंदिवस चालावीत. घटनेचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५ नुसार किमान पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ बसवावे लागते. मराठा आरक्षणाचा ५ मे २०२१ चा निकाल अशाच पाच जणांच्या पीठाचा होता, आणि त्यात कळीची ठरलेली ५० टक्क्यांची मर्यादा १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने घातलेली असल्याने पाच जणांना ती ओलांडता येणे शक्य नव्हते. लहान पीठाला मोठ्या पीठाचा निकाल मोडता येत नाही. फार तर ते प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवू शकते. महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावर ११ मे २०२३ रोजी निकाल देताना पाच जणांच्या पीठाने तेच केले आणि आमदारांच्या अपात्रतेबाबत विधानसभा अध्यक्षांच्या अधिकाराविषयीच्या नबाम रेबिया निकालाचा फेरविचार सात जणांवर सोपवला. या मोठ्या पीठांची किंमतही मोठी असते. पाच जण एका प्रकरणात गुंतले की दोघादोघांची किमान दोन पीठे बंद पडतात आणि त्यांच्यापुढची शेकडो प्रकरणे पुढे ढकलली जातात. संसदेला घटना कितपत बदलता येते याविषयीच्या १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्ती ६८ दिवस ऐकत होते आणि निकाल सात विरुद्ध सहा असा लागला. ८० हजारांहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्या आजच्या न्यायालयाला तेवढी चैन परवडणारी नाही. अशा सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ पासून होते, त्यामुळे ज्याला खरोखर कुतूहल आहे त्याने एखादा तास ते पाहावे. ते कंटाळवाणे वाटले तरी चित्रपटातल्या न्यायालयापेक्षा खरे आहे.

सुनावणी संपली की निकाल राखून ठेवला जातो. पीठातला एक न्यायमूर्ती मसुदा लिहितो, तो इतरांकडे फिरतो, कोणी दुरुस्ती सुचवतो, कोणी स्वतंत्र सहमतीचे किंवा असहमतीचे निकालपत्र लिहितो. दोघांचे पीठ विभागले गेले, जसे ऑक्टोबर २०२२ मध्ये हिजाबच्या प्रकरणात झाले, तर प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे जाते. निकालपत्रांची मराठीसह अन्य भारतीय भाषांतली भाषांतरे आता संकेतस्थळावर मिळू लागली आहेत. अधिकृत मजकूर मात्र इंग्रजीच असतो. दिवसभर पीठावर बसणाऱ्या न्यायमूर्तींना हे लिखाण संध्याकाळी, सुटीच्या दिवशी किंवा उन्हाळ्यात करावे लागते. उन्हाळी सुटीवर होणारी टीका मी पूर्णपणे खोडून काढणार नाही, आणि न्यायालयानेही २०२४ मध्ये नियम बदलून तिला ‘अंशतः कामकाजाचे दिवस’ असे नाव दिले आहे, पण राखून ठेवलेले बरेच निकाल त्याच काळात लिहिले जातात, हे टीका करणाऱ्यांनी विसरू नये.

निकालानंतरही दोन दरवाजे किलकिले असतात. तीस दिवसांत फेरविचार याचिका करता येते, पण ती त्याच न्यायमूर्तींपुढे, त्यांच्या दालनात, वकिलांच्या युक्तिवादाविना ठरते. फाशीची प्रकरणे याला अपवाद आहेत. त्यांत २०१४ पासून खुल्या न्यायालयात ऐकून घेतले जाते. त्यापुढची पायरी म्हणजे क्युरेटिव्ह याचिका, फेरविचार फेटाळल्यावरही चूक सुधारण्याची शेवटची विनंती, जी घटनेत लिहिलेली नाही, तर २००२ मध्ये रूपा अशोक हुर्रा खटल्यात न्यायालयानेच निर्माण केली. मराठा आरक्षणाच्या निकालावरील फेरविचार याचिका एप्रिल २०२३ मध्ये फेटाळली गेल्यावर राज्य सरकारने हीच वाट धरली. या दोन्ही वाटांनी निकाल बदलल्याची उदाहरणे विरळा आहेत.

आणि समजा, आपला शेतकरी जिंकला. सर्वोच्च न्यायालयाकडे वसुलीसाठी स्वतःचा नाझर किंवा बेलीफ नाही. देशातल्या सर्व अधिकाऱ्यांनी त्याच्या आदेशांना साहाय्य करावे असे अनुच्छेद १४४ सांगतो, पण कागद पुढे सरकवावा लागतो तो पक्षकारालाच. निकालाची प्रमाणित प्रत घेऊन तो जिल्ह्याच्या न्यायालयात परत येतो आणि वाढीव मोबदला व व्याज मिळावे म्हणून दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करतो. त्या दरखास्तीला नवा क्रमांक पडतो, संपादन करणाऱ्या खात्याला नोटीस निघते आणि खात्याचा वकील रक्कम जमा करण्यासाठी मुदत मागतो.